गाळ्याचं साठेखत झालं, चाळीस लाख गेले, आता मालक फिरला: पुढे काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या मध्यवस्तीत तळमजल्यावरचा सहाशे चौरस फुटांचा गाळा, सौदा १ कोटी ८५ लाखांना. ११ मार्च २०२४ रोजी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेलं साठेखत, म्हणजे विक्रीचा करार. ३० लाख चेकने दिले, १० लाख रोख. रोखीचा उल्लेख कागदावर नाही. गाळ्यात स्टेशनरीचं दुकान चालवणारा भाडेकरू आहे. मालकाने त्याला बाहेर काढून १० सप्टेंबर २०२४ पर्यंत मोकळ्या ताब्यासह खरेदीखत करून द्यायचं होतं. भाडेकरू जागचा हलला नाही, मालक 'करतो, बघतो' म्हणत राहिला. आता भाव अडीच कोटींच्या घरात गेलाय आणि मालकाच्या वकिलाची नोटीस आली आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत, सबब करार रद्द, बयाणा जप्त. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे अशी कुजबुजही आहे. गाळा मिळेल का, आणि नाही तर पैसे तरी सुटतील का, असं तुम्ही विचारलं आहे. जाता जाता असंही लिहिलंय की मे २०२४ मध्ये कोथरूडला ९५ लाखांचा फ्लॅट घेतलात आणि गाळ्यासाठीच्या कर्जाचं बँकेचं मंजुरीपत्र ऑगस्टमध्ये संपलं.

हे शेवटचं वाक्य तुम्हाला किरकोळ वाटलं असेल. मला तुमच्या अख्ख्या पत्रात तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

गाळा मिळू शकतो. करारपूर्तीचा दावा, म्हणजे कोर्टात ज्याला स्पेसिफिक परफॉर्मन्सचा दावा म्हणतात तो, तुम्हाला लावता येतो. १ ऑक्टोबर २०१८ पासून विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ मध्ये मोठा बदल झाला. त्याआधी करार सिद्ध झाला तरी हुकूमनामा द्यायचा की नुसती भरपाई, हे न्यायाधीशांच्या विवेकावर होतं. आता करार सिद्ध झाला आणि कायद्यातले अपवाद लागू नसतील तर करारपूर्ती द्यावी, असा नियम आहे. तुमचं साठेखत २०२४ चं, म्हणजे नव्या कायद्याखालचं. 'भाव वाढले, आता जुन्या भावात विकणं मला परवडत नाही' या मालकाच्या रडगाण्याला पूर्वीइतकं वजन राहिलेलं नाही.

पण त्याच कायद्याच्या कलम १६ (क) चा गाभा तसाच आहे. तिथेच बहुतेक खरेदीदार आपटतात. करारातली आपली बाजू पुरी करायला आपण सतत तयार आणि राजी होतो, हे खरेदीदाराने सिद्ध करायचं असतं. तयार म्हणजे पैशाची ऐपत, राजी म्हणजे वागणूक. आणि 'सतत' याचा अर्थ साठेखताच्या दिवसापासून निकालापर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या एन. पी. तिरुज्ञानम प्रकरणात हे सांगितलं आणि २०२२ च्या यू. एन. कृष्णमूर्ती प्रकरणात पुन्हा बजावलं की 'मी तयार आहे' एवढं लिहून भागत नाही, पैसा कुठून येणार होता ते दाखवावं लागतं. अशील माझ्यासमोर बसतात तेव्हा तासभर मालकाच्या लबाडीबद्दल बोलतात. कोर्टात मात्र पहिला उलटतपास त्यांचाच होतो, आणि मालकाचा वकील विचारतो: सप्टेंबर २०२४ मध्ये तुमच्या खात्यात किती होते?

तुमच्या बाबतीत तो प्रश्न असा येईल: कर्जमंजुरी ऑगस्टमध्ये संपली, त्याआधी मे महिन्यात ९५ लाख फ्लॅटमध्ये घातले, मग दीड कोटी आणणार कुठून होतात? याचं उत्तर आजच कागदांवर बसवा. कायदा रोकड समोर आणून ठेवायला सांगत नाही. न्यायालयाने हुकूम केल्याशिवाय रक्कम जमा करण्याचीही गरज नाही, हे कलम १६ च्या स्पष्टीकरणातच आहे. मात्र ऐपत दिसली पाहिजे. मुदतठेवींच्या पावत्या, धंद्याचे ताळेबंद, आयकर विवरणपत्रं, कॅश क्रेडिटची मर्यादा, मंजुरीपत्राचं नूतनीकरण करा म्हणून बँकेला लिहिलेलं पत्र, फ्लॅटसाठी वेगळं गृहकर्ज घेतलं असेल तर त्याचे कागद. फ्लॅट कर्जावर घेतला असेल तर तो मुद्दा जवळजवळ निकालात निघतो. रोख बचतीतून घेतला असेल तर आपण जरा अडचणीत आहोत, आणि हे मी तुम्हाला आत्ताच सांगितलेलं बरं.

तुमच्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे: कर्तव्यांचा क्रम. साठेखतात भाडेकरूला आधी काढायचं, मग उरलेले पैसे आणि खरेदीखत, असं असेल तर भारतीय करार अधिनियमाचं कलम ५४ तुमच्या कामाला येतं. ज्याचं वचन आधी पुरं व्हायला हवं होतं तोच चुकला, तर 'तुम्ही पैसे दिले नाहीत' म्हणायचा हक्क त्याला उरत नाही. म्हणून साठेखतातलं ते कलम शब्दशः वाचायला हवं. 'मोकळा ताबा देऊन खरेदीखत करून देईन' आणि 'खरेदीखताच्या वेळी मोकळा ताबा देईन' यात बोलताना फरक वाटत नाही, युक्तिवादात वाटतो. मालकाने भाडेकरूविरुद्ध दावा तरी लावला होता का, नोटीस तरी दिली होती का, हे शोधा. काहीच केलं नसेल तर त्याची नोटीस पोकळ ठरते.

मुदत संपली म्हणजे करार संपला, असंही नाही. स्थावर मिळकतीच्या विक्रीत मुदत हा कराराचा गाभा नसतो, असं सर्वसाधारण गृहीतक आहे आणि त्यासाठी सगळे चांदरानी विरुद्ध कमलरानी (१९९३) हा घटनापीठाचा निकाल दाखवतात. त्या निकालात प्रत्यक्षात खरेदीदार हरला होता, कारण त्याच्या करारात ठराविक रक्कम दहा दिवसांत द्यायची असं नेमकं लिहिलेलं होतं. एवढं शेपूट दाखवायला लोक विसरतात. तुमच्या करारात तसं कडक कलम आहे का, ते बघा.

आता रोखीचे १० लाख. कमाल आहे, दोन कोटींच्या सौद्यातही माणसं हे करतात. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर आयकर कायद्यात बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. त्यापुढची पायरी एप्रिल २०२५ ची. बेंगळुरूच्या एका मिळकतीबाबतच्या आरबीएएनएमएस शिक्षणसंस्थेच्या प्रकरणात ७५ लाख रोख दिल्याचा दावा होता. तिथे सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की दाव्यात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचं म्हटलं असेल तर न्यायालयाने ते आयकर विभागाला कळवावं. म्हणजे दाव्यात १० लाख रोख लिहिलेत की मालकाबरोबर तुमच्याही दारात पत्र येणार: हे पैसे कुठून आणले? हिशेबी रक्कम असेल, बँकेतून काढल्याची नोंद असेल आणि मालकाने व्हॉट्सॲपवर तरी 'मिळाले' म्हटलं असेल, तर सरळ लिहा. नसेल, तर तो पैसा विसरून १ कोटी ५५ लाख द्यायला तयार आहे असा दावा करायचा की १ कोटी ४५ वर अडायचं, हे तुम्ही सीएसोबत बसून ठरवा. खोटं मात्र काही लिहू नका. करारपूर्ती मागणाऱ्याचा हात स्वच्छ लागतो.

स्टॅम्पचा प्रश्न लोकांना क्षुल्लक वाटतो आणि तोच दावा सहा महिने अडवून ठेवतो. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणानुसार साठेखतात ताबा दिला असेल किंवा द्यायचं ठरलं असेल तर ते खरेदीखत समजून पूर्ण मुद्रांक शुल्क लागतं. वीणा हसमुख जैन (१९९९) प्रकरणात हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ताबा खरेदीखताच्या वेळीच द्यायचा असं असेल तर वाद घालायला जागा आहे, पण तुमचे पाचशे रुपये पाहून समोरचा वकील पहिल्याच तारखेला हरकत घेणार. कमी शुल्काचा दस्त कलम ३४ नुसार पुराव्यात वाचता येत नाही. फरकाची रक्कम आणि दरमहा दोन टक्के दंड भरला की येतो. म्हणून दावा लावायच्या आधीच मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाला, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घ्यायला, टाका. तिथे भरलेलं शुल्क पुढे खरेदीखताच्या वेळी वजा होतं. नोंदणी झालेली नाही याची मात्र फार चिंता नको. नोंदणी अधिनियमाच्या कलम ४९ चं परंतुक करारपूर्तीच्या दाव्यात नोंद न झालेलं साठेखतही पुराव्यात येऊ देतं.

सगळ्यात तातडीचं काम दुसऱ्या गिऱ्हाईकाचं. साठेखताने तुम्ही गाळ्याचे मालक झालेला नाहीत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ५४ म्हणतं की विक्रीच्या कराराने मिळकतीत कसलाही हक्क निर्माण होत नाही. तुमचा हक्क मालकाविरुद्ध आहे, गाळ्यावर नाही. उद्या त्याने तिसऱ्याला नोंदणीकृत खरेदीखत करून दिलं आणि त्या तिसऱ्याला तुमच्या साठेखताची खरोखर कल्पना नव्हती, त्याने पूर्ण मोबदला मोजला, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम १९ त्याला वाचवतं. त्याला कल्पना होती हे दाखवता आलं तर त्याच्यावरही हुकूमनामा होतो: लाला दुर्गाप्रसाद (१९५४) च्या निकालापासून रीत अशी की नंतरच्या खरेदीदारालाही खरेदीखतात सामील करून घ्यायचं. तेव्हा त्याला 'कल्पना' करून देणं हे तुमचं काम. एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात जाहीर सूचना द्या, गाळ्याचा पूर्ण तपशील घालून. इमारत सोसायटीत असेल तर सचिवांना पत्र देऊन पोच घ्या. तो तिसरा माणूस कोण हे कळलं तर त्यालाही नोटीस.

आणि दावा दाखल झाला की त्याच आठवड्यात लिस पेंडन्सची, म्हणजे दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ नुसार दावा चालू असताना झालेली विक्री दाव्याच्या निकालाला बांधलेली असते. इतर बहुतेक राज्यांत हे आपोआप लागू होतं. आपल्याकडे १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे दाव्याची नोटीस नोंदवलेली असेल तरच हे संरक्षण मिळतं. बाहेरच्या राज्यातून आलेल्या वकिलांना, आणि खरं सांगायचं तर इथल्या काहींनाही, हे लक्षात राहत नाही. खर्च किरकोळ आहे. ही नोटीस नोंदली की पुढच्या गिऱ्हाईकाच्या वकिलाने सूची २ चा (नोंदलेल्या दस्तांच्या यादीचा) शोध घेतला की ती समोर येते, आणि बँक त्या गाळ्यावर कर्ज द्यायला कचरते. निम्मी लढाई इथेच होते.

कोर्ट कोणतं? गाळ्यात दुकान प्रत्यक्ष चालू आहे, म्हणजे वाणिज्यिक न्यायालय अधिनियम, २०१५ खाली हा वाद कमर्शियल कोर्टात जाईल असं मला वाटतं. फक्त व्यापारासाठी वापरात असलेल्या स्थावर मिळकतीबाबतचा करार हवा आणि दाव्याचं मूल्य किमान तीन लाख हवं. अंबालाल साराभाई (२०१९) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वापरात असलेली म्हणजे आज प्रत्यक्ष वापरात असलेली. उद्या धंद्याला वापरू, हे पुरत नाही. त्यामुळे गाळ्याचा सध्याचा वापर दाव्यात स्पष्ट लिहा, शॉप ॲक्टचा दाखला, वीजबिल मिळालं तर जोडा. चुकीच्या कोर्टात गेलात तर वर्षभराने दावा परत हातात येतो.

कमर्शियल कोर्टाचा फायदा असा की समोरच्याला कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला जास्तीत जास्त १२० दिवस मिळतात, त्यानंतर दार बंद. उलट अट अशी की दाव्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थीचा अर्ज करावा लागतो, आणि पाटील ऑटोमेशन (२०२२) नंतर ही अट टाळता येत नाही. न केल्यास दावा फेटाळला जातो. सवलत फक्त तातडीचा अंतरिम हुकूम मागणाऱ्याला. तुमच्याकडे दुसऱ्या विक्रीची खरी भीती आहे, तेव्हा मनाई हुकुमाच्या अर्जासह थेट दावा लावता येईल. पण त्या भीतीचा पुरावा लागेल: एजंटचा मेसेज, गाळा विकणे आहे अशी जाहिरात, काहीतरी. नुसतं 'ऐकलंय' म्हणून तातडी दाखवली तर न्यायालय ते सोंग ओळखतं. या कोर्टात कागद दाव्यासोबतच द्यावे लागतात, मागाहून आणायला परवानगी सहज मिळत नाही. मालकाशी झालेलं व्हॉट्सॲप संभाषण देणार असाल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र आता दोन भागांत लागतं, एक तुमचं आणि एक तज्ज्ञाचं. फोन बदलू नका, 'करतो, बघतो' हे मेसेज पुसू नका.

दाव्यात काय मागायचं यात चुका फार होतात. घाईघाईने फक्त मनाई हुकुमाचा दावा लावून ठेवू, करारपूर्तीचं नंतर बघू, हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. व्हर्गो इंडस्ट्रीज (२०१२) मध्ये अशाच क्रमाने गेलेल्यांचा नंतरचा करारपूर्तीचा दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २ नियम २ खाली (एकाच कारणाच्या सगळ्या मागण्या एकाच दाव्यात करायच्या) अडला. मालकाने करार रद्द केल्याची नोटीस दिली आहे, तेव्हा ती नोटीस बेकायदा आहे असं घोषित करा, हीसुद्धा मागणी हवी. सिकंदर विरुद्ध सुब्रमणी (२०१३) मध्ये ती नव्हती म्हणून खरेदीदार हरला. ताबा वेगळा मागा. आणि करारपूर्ती नाकारली गेली तर दिलेली रक्कम व्याजासह परत, असं पर्यायी मागणं विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २२ खाली स्पष्ट शब्दांत लिहा. देशराज विरुद्ध रोहताश सिंह (२०२२) मध्ये ही मागणी नव्हती, म्हणून खरेदीदाराला बयाणाही परत मिळाला नाही. दाव्यात दुरुस्ती करून ती नंतर घालता येते, पण आधीच लिहायला काय जातं?

भाडेकरूचं काय? तो पागडीचा आहे, भाड्याचा आहे की लिव्ह अँड लायसन्सवर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. व्यापारी जागेच्या लायसन्सवाल्याला घराच्या लायसन्सवाल्यासारखं सक्षम प्राधिकाऱ्याकडून झटपट काढता येत नाही. तो दिवाणी मार्गच आहे. तुम्हाला गाळा हवाच असेल तर एक दार उघडं ठेवा: भाडेकरूसकट गाळा घ्यायला तयार आहे, मोकळ्या ताब्याची मागणी आणि त्यापोटीची भरपाई सोडतो, असं विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम १२ खालचं पर्यायी म्हणणं. मालकाचं 'भाडेकरू निघत नाही, मी काय करू' हे कारणच त्याने निकालात निघतं. भाडेकरूशी मग तुम्हाला स्वतंत्र लढावं लागेल, आणि ते लांबतं.

बयाणा जप्तीबद्दल फार घाबरू नका. सतीश बत्रा (२०१२) मध्ये ७० लाखांच्या सौद्यातले ७ लाख जप्त करणं सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, कारण ती रक्कम कराराच्या हमीचा बयाणा होती. किमतीपैकी आगाऊ दिलेली रक्कम अशी गिळता येत नाही. साठेखतात तुमच्या ३० लाखांना काय म्हटलंय ते बघा. शिवाय कसूर तुमचा नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ (६) (ब) नुसार दिलेल्या रकमेचा बोजा खुद्द गाळ्यावर राहतो.

नोटिशीला अजून उत्तर दिलं नसेल तर या आठवड्यात द्या. दाव्याची मुदत, मुदत अधिनियमाच्या परिशिष्टातल्या अनुच्छेद ५४ प्रमाणे, ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं, म्हणजे १० सप्टेंबर २०२७ धरून चाला. नोटिसा पाठवल्याने ती वाढत नाही. आणि तीन वर्षं आहेत म्हणून अडीच वर्षं गप्प बसाल, तर 'राजी' असण्यावरच बोट ठेवलं जाईल.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या, मालक सरळ होईल, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. सौदा करतानाच विकायचं नव्हतं, हे दाखवणारं काही असेल (आधीच दुसऱ्याला विकलेला गाळा, लपवलेलं गहाण) तर सौदा मार्च २०२४ चा असल्याने जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४२० आहे. भाव वाढल्यावर फिरलेला मालक त्यात बसत नाही, आणि दिवाणी वादाला फौजदारी वेश चढवल्याबद्दल उच्च न्यायालय एफआयआर रद्द करतं. रेराचाही इथे संबंध नाही. तुमचा मालक विकासक नव्हे.

शेवटी तुम्हाला हवंय काय, हे ठरवा. कायद्यात असा दावा समन्स बजावल्यापासून बारा महिन्यांत निकाली काढावा, फार तर सहा महिने वाढवावे, असं लिहिलंय. अपिलं धरून प्रत्यक्षात काय होतं ते कुठल्याही कोर्टाच्या आवारात चहा पिताना कळेल. तुमचं स्वतःचं दुकान त्याच रस्त्यावर चालणार असेल तर लढा, जागा पुन्हा मिळत नाही. गुंतवणूक म्हणून घेतला असेल तर मी म्हणेन, मनाई हुकूम आणि नोंदवलेली नोटीस हातात आल्यावर बोलणीला बसा. तेव्हा मालकाला गाळा विकताही येत नाही आणि भाव तर त्याला खुणावत असतो. ३० लाख, बँकेच्या कर्जाइतकं तरी व्याज आणि वाढलेल्या भावातला काही वाटा, इतकं मागणं अवाजवी नाही. तडजोड लोकअदालतीत करा: निवाड्यावर अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते. पैसे हप्त्याने येणार असतील तर गाळ्यावरचा बोजा तडजोडपत्रात लिहून घ्या, हप्ता चुकल्यास काय ते लिहा, आणि लिस पेंडन्सची नोटीस शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्यावरच मागे घ्या, चेक हातात पडल्यावर नाही.